स्कूटरचा आवाज कशाबरोबर बदलतो?

स्कूटर नवा आवाज करू लागली की गॅरेजात आपल्याला पहिला प्रश्न विचारतात तो "कसा आवाज येतो?" असा. मग आपण खडखड, घरघर, चीं, टकटक असे शब्द शोधतो, तोंडाने आवाज काढून दाखवतो, आणि मिस्त्री त्यातून अंदाज बांधतो. या प्रश्नाला अर्थ आहे, पण सुरुवात त्याने करू नये. बेल्टवर चालणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये चार वेगवेगळे बिघाड जवळजवळ एकसारखी खडखड करतात आणि एकच बिघाड गाडी थंड असताना एक आवाज काढतो, तापल्यावर दुसरा. आवाजाच्या जातीवरून भाग ठरवायला गेलो तर सुटे भाग एकामागून एक बदलले जातात आणि आवाज तसाच राहतो. त्याऐवजी आवाज कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर थांबतो हे आधी पाहावे. तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चालतो, की चाकाच्या वेगाबरोबर, की या दोघांची जोडणी होते त्या क्षणी उमटतो? या एका प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले तर शोधाचा बराचसा भाग एकही नट न उघडता संपतो. भोपाळच्या नेहरू नगरात राहणाऱ्या माणसाला यासाठी लागणारी सगळी प्रयोगशाळा हाताशी आहे: वसाहतीतली पहाटेची शांत गल्ली, डेपो चौराह्यापर्यंतचा वर्दळीचा रस्ता आणि श्यामला हिल्सचा चढ.

यंत्र समजून घेतल्याशिवाय ही पद्धत पटणार नाही, म्हणून स्कूटरच्या डाव्या बाजूच्या त्या लांबट झाकणाआड काय आहे ते पाहू. इंजिनाच्या दांड्यावर पुढची पुली बसवलेली असते. तिच्या दोन तबकड्यांपैकी एक सरकती असते आणि तिच्या मागे, व्हेरिएटरमध्ये, बहुतेक गाड्यांत सहा छोटे रोलर असतात. इंजिन जोरात फिरले की रोलर बाहेर फेकले जातात, तबकड्या जवळ येतात आणि त्यांच्यात धरलेला रबरी बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीवर याच्या उलट घडते: तिथल्या तबकड्या स्प्रिंगच्या विरोधात फाकतात आणि बेल्ट आत उतरतो. गिअर न बदलता गिअर बदलण्याचे काम असे होते. मागच्या पुलीला जोडून क्लच असतो. त्याचे शू वेग वाढल्यावर बाहेर येऊन भोवतीच्या पोलादी डब्याला पकडतात, डबा एका दांड्याला जोडलेला असतो, आणि त्या दांड्यापासून दोन टप्प्यांत गती कमी करत मागच्या चाकापर्यंत नेणारे दातेरी गिअर थोड्याशा तेलात बुडून फिरत असतात. हे तेल अनेक मॉडेलांत जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलिटर असते. इंजिन ऑइलची आठवण प्रत्येकाला राहते, याची फार थोड्यांना.

ही रचना आपल्याकडे रुळली त्याचा एक धागा मध्य प्रदेशातूनच जातो. पुण्याच्या कायनेटिक समूहाने होंडाशी १९८४ साली भागीदारी केली आणि ९८ सीसीची, बटणावर सुरू होणारी, बिनगिअरची कायनेटिक होंडा इंदूरजवळच्या पीथमपूरला तयार होऊ लागली. त्याआधीच्या पिढीचा कान चेतकवर घडलेला होता. चेतकला मुठीत चार गिअर होते आणि आवाज आला की माणूस आपोआप एक चाचणी करत असे: क्लच दाबायचा, गिअर बदलायचा, न्यूट्रल करून गाडी घरंगळू द्यायची आणि आवाज राहतो की जातो ते ऐकायचे. नकळत होत असलेली ही इंजिन आणि चाक वेगळे करण्याचीच क्रिया होती. बिनगिअरच्या गाडीत ती सोय गेली, आणि तिच्याबरोबर ती विचार करण्याची सवयही गेली असे मला वाटते. खरे तर नव्या यंत्राने त्या चाचणीच्या बदल्यात अधिक चांगली चाचणी दिली आहे. तिचा उपयोग मात्र फारसा कोणी करताना दिसत नाही.

ती चाचणी अशी. गिअरच्या गाडीत एका गिअरमध्ये असेपर्यंत इंजिनाचे फेरे आणि चाकाचे फेरे एकाच प्रमाणात वाढतात, त्यामुळे आवाज दोघांपैकी कोणाचा हे नुसत्या वेगावरून सांगता येत नाही. बेल्टच्या गाडीत हे प्रमाण सतत बदलते. मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर एका जागी घट्ट धरून ठेवला तर गाडीचा वेग वीसवरून चाळीस-पंचेचाळीसपर्यंत वाढत जातो, पण इंजिनाचा सूर मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ तोच राहतो. कारण इंजिनाचे फेरे स्थिर असतात आणि बेल्ट आपली जागा बदलत असतो. या पट्ट्यात तुमचा तो अनोळखी आवाज काय करतो ते ऐका. सूर तसाच राहिला तर तो इंजिन, पुढची पुली किंवा व्हेरिएटर यांच्यापैकी कशाचा तरी आहे. वेगाबरोबर सूर चढत गेला तर तो मागच्या गिअरचा, चाकाच्या बेअरिंगचा, टायरचा किंवा ब्रेकचा. मग ॲक्सिलरेटरची मूठ एकदम सोडा. इंजिनाचे फेरे लगेच खाली येतात, गाडीचा वेग मात्र काही सेकंद टिकून असतो. त्या सेकंदांत जो आवाज मूठ सोडताच खाली बसतो तो पुढच्या बाजूचा आणि जो तसाच रेंगाळतो तो मागच्या बाजूचा. हे करायला कोणतेही उपकरण लागत नाही. लागतो तो मोकळा रस्ता, सुरक्षित वेग आणि लक्ष.

बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलचीही हीच कथा आहे, आणि ती इथे सांगण्याचे कारण आहे. काश्मिरात गुलमर्गला पर्यटकांना फिरवणाऱ्या त्या गाड्यांतही दोन पुल्या आणि एक रुंद रबरी बेल्ट असतो. क्यूबेकमधल्या वालकूरच्या बोम्बार्डिए यांची स्की-डू ही स्नोमोबाइल १९५९ साली बाजारात आली. त्याच्या एकच वर्ष आधी हॉलंडच्या डाफ कंपनीने असाच बदलत्या पुल्यांचा मोटारीचा ड्राइव्ह लोकांसमोर आणला होता. स्नोमोबाइलमध्ये मागच्या पुलीपासून बर्फावर धावणाऱ्या पट्ट्यापर्यंत गती न्यायला तेलात फिरणारी साखळी असते, स्कूटरमध्ये तिथे गिअर असतात. एक फरक मात्र शोधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. स्नोमोबाइल उभी असताना पुढच्या पुलीने बेल्ट पकडलेलाच नसतो, त्यामुळे तो थांबलेला असतो. स्कूटरमध्ये इंजिन चालू झाले की चाक स्थिर असले तरी बेल्ट फिरतच असतो. म्हणून उभ्या स्कूटरचा आवाज बेल्टबद्दल बरेच काही सांगतो, उभ्या स्नोमोबाइलचा नाही. यंत्र एकाच कुळातले असले तरी कोणता भाग कोणत्या क्षणी फिरतो आहे हे प्रत्येक गाडीपुरते माहीत असले पाहिजे, नाहीतर चाचणीचा निष्कर्ष उलटा निघेल.

आता शोध कुठून सुरू करायचा ते पाहू. पहिली पायरी इंजिन बंद ठेवून. घरातल्या कोणाला तरी गाडी शांत गल्लीत हाताने ढकलायला सांगा आणि तुम्ही मागच्या चाकाशेजारून चाला. अशा वेळी बेल्ट आणि दोन्ही पुल्या थांबलेल्या असतात, चाक, गिअर आणि क्लचचा बाहेरचा डबा एवढेच फिरते. आवाज आला तर व्हेरिएटर, रोलर, बेल्ट या सगळ्या महागड्या संशयितांची सुटका तिथेच झाली. धावत्या गाडीची चावी रस्त्यात बंद करून हीच चाचणी करू नका. चावी एक घर जास्त फिरली तर हँडल लॉक होऊ शकते, आणि त्या धोक्याची इथे गरजच नाही. दुसरी पायरी मधल्या स्टँडवर, मोकळ्या हवेत. बंद पार्किंगमध्ये किंवा गाडी ठेवण्याच्या खोलीत नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. इंजिन चालू करून तापू द्या, मूठ सोडलेली ठेवा आणि ऐका. मग मागचा ब्रेक हळूच धरा आणि सोडा. चाक थांबवल्याने आवाज बदलला तर तो क्लचच्या डब्यापासून चाकापर्यंतच्या भागात आहे. बदलला नाही तर इंजिन, बेल्ट आणि पुल्या उरल्या. ओढणी, साडीचा पदर, पंचा, लहान मुले यांना फिरत्या चाकापासून दूर ठेवा, आणि बेल्टचे झाकण काढून इंजिन चालू करायचा मोह कधीही धरू नका. तिसरी पायरी रस्त्यावरची, ती वर सांगितली. चौथी चढावर, एकदा एकट्याने आणि एकदा मागे कोणाला तरी बसवून. आवाज भाराबरोबर येतो का, हे यातून कळते.

पुढच्या बाजूच्या आवाजांत सगळ्यांत नेहमीचा असतो तो उभ्या गाडीतला कोरडा खडखडाट, जो मूठ किंचित पिळताच शांत होतो. हे बहुधा व्हेरिएटरचे काम असते. रोलर एका बाजूने झिजून सपाट होतात, व्हेरिएटरमधल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या सैल पडतात, आणि कमी फेऱ्यांवर सगळे एकमेकांवर आपटत राहते. फेरे वाढले की रोलर बाहेर दाबले जातात आणि बोलणे थांबवतात. पण इथेच एक फसगत दबा धरून बसलेली आहे. मागच्या पुलीच्या आतले बेअरिंगही उभ्या गाडीत आवाज करते आणि गाडी चालू लागल्यावर गप्प होते. कारण क्लच पकडला की पुली आणि तिच्या आतला दांडा एकत्रच फिरू लागतात आणि बेअरिंगला काम उरत नाही. दोन्ही आवाज "उभ्या गाडीत येतो, चालवताना जातो" असेच वर्णन घेऊन गॅरेजात पोहोचतात. फरक त्या अरुंद पट्ट्यात सापडतो जिथे मूठ थोडी पिळली आहे पण क्लचने अजून पकडलेले नाही. रोलरचा खडखडाट तिथे कमी होतो, बेअरिंगची घरघर तिथे उलट वाढते आणि क्लच पकडल्यावरच थांबते. हा एक फरक ध्यानात घेतला तर विनाकारण बदललेला व्हेरिएटर वाचतो.

रोलर खरेच झिजले असतील तर आवाजाखेरीज दुसराही पुरावा मिळायला हवा: पिकअप मंदावतो, किंवा पूर्वी सहज मिळणारा वेग आता मिळत नाही. बेल्ट झिजून रुंदीत एखाद-दीड मिलिमीटरने बारीक झाला तर तो पुलीत जास्त खोल बसतो, आणि तेवढ्याच वेगासाठी इंजिन अधिक ओरडते. आवाजाला असा साक्षीदार मिळाला नाही तर निष्कर्ष घाईने काढू नये. इंजिनाच्या डोक्याच्या बाजूला येणारी बारीक टिकटिक टॅपेटची किंवा टायमिंग चेनची असते. ती इंजिनाबरोबर चालते आणि बेल्टशी तिचा संबंध नसतो. पायाखालच्या फळीत जाणवणारा, फेऱ्यांबरोबर वाढणारा जड गडगडाट मात्र इंजिनाच्या मुख्य बेअरिंगचा असू शकतो आणि त्याची दुरुस्ती लांबवणे बरे नव्हे.

बेल्टच्या बाबतीत थोडे गणित कामी येते. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला साधारण १,७०० फेरे घेते असे धरू, म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस. बेल्टची लांबी पाऊण मीटरच्या आसपास आणि पुढच्या पुलीवर त्या वेळी तो ज्या छोट्या वर्तुळात फिरतो त्याचा घेर चौदा-पंधरा सेंटिमीटर. म्हणजे बेल्टची एक पूर्ण फेरी व्हायला इंजिनाचे पाचेक फेरे लागतात, आणि बेल्ट सेकंदाला पाच-सहा वेळा फिरतो. बेल्टच्या एका जागी चीर पडली असेल, धागे सुटले असतील किंवा दात तुटला असेल तर तो दर फेरीला एकदा आपटेल. सेकंदाला पाच-सहा ठोके कानाला वेगवेगळे ऐकू येतात. अठ्ठावीस ठोके ऐकू येत नाहीत, त्यांची घरघर होते. म्हणून चाक थांबलेले असताना डाव्या झाकणाआडून मोजता येईल इतका सावकाश ठपठप आवाज येत असेल तर बेल्टकडे सर्वांत आधी पाहावे. चाकाचेही असेच. दहा इंची रिमवरचा नेहमीचा टायर एका फेरीत सुमारे १.३५ मीटर जातो, म्हणजे ताशी २० किलोमीटरला सेकंदाला चार फेरे, ४० ला आठ. त्या लयीत येणारा ठोका चाकाचा, टायरचा किंवा ब्रेक ड्रमचा. मोबाइलवर पंधरा-वीस सेकंद आवाज ध्वनिमुद्रित करून ठोके मोजले तर ही शंका घरबसल्या फिटते. अनेक स्कूटरांच्या पुस्तिकेत बेल्ट सुमारे २४,००० किलोमीटरला बदलायला सांगितलेला असतो. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेतच पाहा आणि आवाज नाही म्हणून तो पुढे ढकलू नका. बेल्ट तुटताना नेहमी सूचना देतोच असे नाही, आणि तुटला की इंजिन ओरडत राहते, गाडी जागची हलत नाही.

सुटण्याच्या क्षणी येणारे आवाज क्लचचे. सिग्नल हिरवा झाला, मूठ पिळली आणि गाडी थरथरत, कण्हत निघाली, पुढे ताशी पंधरावर गेल्यावर सगळे सुरळीत, तर शूच्या पृष्ठभागावर चकाकी आली आहे किंवा डब्यात धूळ साठली आहे. घासून, साफ करून हे बऱ्याचदा सुधारते. क्लच बदलायचीच गरज असते असे नाही. मूठ पूर्ण सोडलेली असताना स्टँडवर चाक सावकाश फिरणे नैसर्गिक आहे, पण जोरात फिरत असेल तर इंजिनाचे मोकळे फेरे जास्त ठेवलेले असतात किंवा क्लचच्या स्प्रिंग सैल झालेल्या असतात, आणि शू सतत घासत राहतात. भोपाळच्या पावसात याच जागेत आणखी एक आवाज वस्तीला येतो. शहरात वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. बेल्टच्या खोलीत थंड हवा घेण्यासाठी तोंड ठेवलेले असते, आणि गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की तिथून पाणीही जाते. भदभदा धरणाची दारे उघडायच्या दिवसांत बेल्ट ओला होऊन चीं करत घसरला तर तो बिघाड नव्हे. गाडी हळू चालवत सुकू द्या. तो आवाज कोरड्या दिवशीही राहिला तरच झाकण उघडायला लावा. त्याच झाकणात किकचा एक छोटा गिअर असतो. तो कोरडा पडला की चिमणीसारखी चिवचिव करतो आणि लोक बेल्ट बदलतात. इंजिन मोकळे चालू असताना किकच्या दांड्याला हाताने अगदी हलके दाबून पाहा, दाबात चिवचिव बदलली तर साफसफाई आणि थोड्या ग्रीसवर काम भागेल.

मागच्या बाजूचे आवाज संख्येने थोडे, पण माझ्या मते सगळ्यांत गंभीर. वेगाबरोबर चढत जाणारी, मूठ सोडली तरी न थांबणारी बारीक हूं गिअरच्या बेअरिंगची असू शकते, आणि तिच्यामागे बहुधा ते विसरलेले शंभर-सव्वाशे मिलिलिटर तेल असते: कमी झालेले, पाणी शिरून दुधाळ झालेले, किंवा गाडी घेतल्यापासून न बदललेले. तेल काढून पांढऱ्या कागदावर ओता. त्यात चंदेरी कण चमकले तर धातू झिजतो आहे. ही हूं पहिल्या दिवशी इतकी हळू असते की डेपो चौराह्याच्या गोंगाटात ती ऐकूच येत नाही, म्हणून ती पहाटे शांत रस्त्यावर ऐकायची. बेअरिंग शेवटच्या टप्प्यात पोहोचले तर चाक जाम होऊ शकते, आणि धावत्या दुचाकीचे मागचे चाक जाम होणे म्हणजे काय हे सांगायला नको. याउलट सायलेन्सरवरची पत्र्याची जाळी सैल झाली की तिचा खणखणाट चार घरे ऐकतात आणि तिने काहीही बिघडत नाही. आवाजाचा मोठेपणा आणि धोका यांचे नाते नाही, हे ज्याला पटले त्याने या लेखातले सर्वांत उपयोगी ते घेतले. "जुनी गाडी आहे, आवाज करणारच" असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच: आवाज जुना आहे की नवा, ते पाहा. जुन्या, न वाढणाऱ्या खडखडाटाची दुरुस्ती थांबू शकते, महिन्याभरात वाढलेल्या हूंची नाही.

या पद्धतीवर जाणकारांचा पहिला आक्षेप असा की अनुभवी मिस्त्री नुसते ऐकून भाग सांगतो, एवढी उठाठेव कशाला? अशा कानाबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण तो ऐकतो ते स्टँडवर उभ्या, भार नसलेल्या गाडीचे. तुमचा आवाज श्यामला हिल्सच्या चढावर, मागे बसलेल्या माणसासह, अर्ध्या तासाने तापलेल्या गाडीतून येतो. तो त्याला ऐकायलाच मिळत नाही. त्याच्या अनुभवाला तुमचे निरीक्षण मिळाले तर दोन्हींचा उपयोग होतो. चांगला मिस्त्री विचारतोही हेच: थंड असताना येतो का, चढावर येतो का, मूठ सोडली की जातो का. त्याला उत्तर तयार हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बेल्टचे झाकण काढणे अवघड नाही, आठ-दहा बोल्ट, मग अंदाज कशाला, उघडून पाहा ना. उघडून पाहायला माझी ना नाही, पण पाहण्याआधी काय शोधायचे ते ठरलेले असावे. पंधरा-वीस हजार किलोमीटर चाललेल्या कोणत्याही स्कूटरचे झाकण काढले तर आत झिजलेले काहीतरी सापडणारच: थोडे सपाट रोलर, थोडा भेगाळलेला बेल्ट, थोडे चकाकलेले शू. झिजलेला भाग दिसला म्हणजे आवाज त्याचाच, हे अनुमान चुकीचे आहे, आणि अनावश्यक खर्च बहुतेक वेळा याच चुकीतून होतो. शिवाय त्या झाकणाआड गिअरची खोली दिसत नाही, मागच्या चाकाचे बेअरिंग दिसत नाही, इंजिन चौकटीला धरणारे रबरी बुश दिसत नाहीत. मूठ पिळताना आणि सोडताना एकदाच येणारा ठक् त्या बुशचा असतो आणि बेल्ट बदलून तो कसा जाईल? पुढून खड्ड्यात येणारा ठोका हँडलच्या कोनसेटचा, आणि कोणत्या तरी एकाच वेगाला येणारी झणझण कित्येकदा नंबरप्लेटची, डिकीतल्या पान्याची किंवा प्लॅस्टिकच्या पॅनलची. डिकी रिकामी करून, पॅनल हाताने दाबून, स्टँडची स्प्रिंग पाहून मगच यंत्रावर संशय घ्यावा. ही सर्वांत स्वस्त तपासणी सर्वांत शेवटी केली जाते.

तिसरा आक्षेप असा की धातूतून आवाज पसरतो, म्हणून कान फसतो. हे खरे आहे, आणि माझ्या म्हणण्याला त्याने बळच मिळते. डावीकडून ऐकू येणारा आवाज उजवीकडचा असू शकतो, म्हणून जागेचा शोध शेवटी ठेवायचा आणि वेळेचा आधी. आवाज कुठेही पसरला तरी त्याची लय बदलत नाही: चाकाचा ठोका चाकाच्याच लयीत राहतो. जागा नक्की करायची झाल्यास लांब पेचकसाचे टोक झाकणाच्या वेगवेगळ्या जागी टेकवून त्याची मूठ कानाजवळच्या हाडाला लावतात. ते करायचेच तर गाडी स्टँडवर स्थिर ठेवून, फिरत्या आणि तापलेल्या भागांपासून लांब राहून. दोन बिघाड एकाच वेळी असले तर मात्र ही पद्धत अडखळते हे कबूल केले पाहिजे. अशा वेळी एक दुरुस्ती करायची, त्याच रस्त्यावर त्याच चाचण्या पुन्हा करायच्या आणि उरलेल्या आवाजाचा नव्याने माग काढायचा. दोन भाग एकदम बदलले तर कोणत्या भागाने गुण आला हे कळत नाही, आणि आवाज परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

गॅरेजात जाताना म्हणूनच चार ओळी लिहून न्या: गाडी किती किलोमीटर झाली, बेल्ट आणि गिअर ऑइल शेवटचे केव्हा बदलले, आवाज ढकलताना येतो की नाही, उभ्या गाडीत ब्रेक धरल्यावर बदलतो की नाही, मूठ स्थिर ठेवून वेग वाढला तर सूर चढतो की तसाच राहतो. ध्वनिमुद्रण सोबत असू द्या, त्यात किती वेगाला काय झाले ते बोलून ठेवलेले असेल तर उत्तम. काम झाल्यावर काढलेला भाग मागून घ्या आणि पाहा: रोलर खरेच सपाट झाले होते का, बेअरिंग बोटाने फिरवल्यावर अडखळते का, बेल्टच्या आतल्या दातांत चीर आहे का. आणि पैसे देण्याआधी गाडी एकदा त्याच चढावर, त्याच वेगाने, तेवढाच भार घेऊन चालवून या.